दाजींच्या डोळ्यातलं मेटल

आमचे दाजी म्हणजे मालूताईचे यजमान, कमळाकर. पळस्प्याच्या मागच्या खाणीत, क्रशरवर उभं आयुष्य गेलं त्यांचं. सुरुंगाने फुटलेला डबर क्रशरमध्ये पडायचा आणि चाळणीखाली मेटल निघायचं. मोठं ते दोन नंबर, लहान ते एक नंबर, शेवटी उरायची ती कच. तिथे खडीला खडी म्हणतं कोण? मेटलच. गोव्याच्या रस्त्याला लागलो की दाजी गाडीतून बोट दाखवणार, हे आपलं मेटल. डांबराखालचं यांना कसं दिसतं, देव जाणे!

तर दाजींचा डावा पाय बधिर पडला. चप्पल निसटली तरी पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, मणक्यात नस दबलीय, आजच एमआरआय करा, ऑपरेशन लांबलं तर हा पाय कायमचा जाईल. ताईचा चेहरा बघवेना. मी दाजींना पनवेलला घेऊन गेलो.

मशीनवरच्या मुलीने विचारलं, अंगात कुठे मेटल आहे का? दाजी शांतपणे म्हणाले, हाय ना, डोळ्यात उडालेलं, आतच हाय. झालं! तिने मशीनच थांबवलं. डोळ्यात लोखंड असेल तर आत घेता येत नाही म्हणे. मी कपाळावर हात मारला. अहो बाई, यांचं मेटल म्हणजे दगड! पण ती कशाला ऐकतेय, आधी डोळ्याचा एक्स-रे काढा म्हणाली. डोळ्यात काहीच निघालं नाही, दगडसुद्धा नाही.

माझं डोकं फिरलं. बाकावर बसवून मी दाजींना चांगलंच फैलावर घेतलं. पायावर बेतलंय आणि तुम्हाला खाणीची भाषा सुचते?

"माला ठावं होतं रे परेश, ती लोखंडाचं इचारते ते," ते म्हणाले. "शिवा दरडीखाली गावला तवा मी बाजूलाच होतो. मशीनच्या तसल्या भोकात माला नाय जायाचं."

शिवा त्यांचा खाणीतला जोडीदार. त्याचं नावही दाजींनी घरात कधी काढलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढा दांडगा माणूस, आणि भीती लपवायला हातात होता तो शब्द पुढे केला. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, मी आत येतो, पाय धरून उभा राहतो, सोडणार नाही.

मुलीने परवानगी दिली. मी पट्टा, किल्ल्या बाहेर ठेवल्या. दाजी आत सरकले, ठणठणाट सुरू झाला आणि मी दोन्ही हातांनी त्यांचा पाय घट्ट धरला. दाजी जरासुद्धा हलले नाहीत.

बाहेर आल्यावर ते घामाने निथळत होते.

"तू कवा गेलास?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गेलो कुठे, शेवटपर्यंत पाय धरून होतो की. आणि मग माझी नजर त्यांच्या डाव्या पायाकडे गेली. मी तोच धरला होता.