थांबलेल्या हातांची वही

कांद्याचा वाळका पापुद्रा उन्हात उडतो तेव्हा त्याचा रंग नेमका कोणता असतो, हे मला आजही धड सांगता येत नाही. गुलाबी म्हणावा तर तांबूस वाटतो, तांबूस म्हणावा तर सोनेरी. चैत्रातली दुपार, खुटबावचं रान, लिंबाच्या घनदाट सावलीत गोल करून बसलेल्या पंधरा-वीस बाया, मधे कांद्याची रास. आणि झुळूक आली की ते हलके पापुद्रे उठून सगळ्यांच्या केसांत, पदरांवर, कपाळावरच्या घामात येऊन चिकटायचे. कांद्याचा उग्र दर्प, लिंबाच्या मोहराचा कडसर-गोड गंध, तापलेल्या मातीचा वास, वीस विळ्यांची न थांबणारी करकर... आणि त्या गोलाच्या मोकळ्या बाजूला, ढेकळांत पाय रोवून, एक माणूस दातांनी सायकल उचलत असायचा.

दचकू नका. आमच्याकडे कलावंतांची निवड अशीच व्हायची.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या वस्तीत निळ्या पताकांखाली ‘विविध गुणदर्शन’ असायचं. नाव द्यायला कुणालाही मोकळीक होती, आणि नाव न देणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा होता. जादू करणारे, लेझीम खेळणारे, तोंडानं सनई वाजवणारे, पाठ केलेलं भाषण अर्ध्यात विसरणारे — असे तीस-चाळीस जण, आणि वेळ जेमतेम दोन तासांचा. त्यातून दहा-बारा निवडायचं काम माझ्या शेवंताआत्याकडे होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सकाळी अंगणवाडी चालवायची, आणि सुगीत दुपारी इतर बायांबरोबर कांदे काटायला जायची. काटायचं म्हणजे वाळलेली पात विळ्यानं छाटून कांदा पाटीत टाकायचा. खुर्च्या मांडून, चहा पीत केलेल्या निवडीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. खुर्चीतला माणूस भिडेखातर मान डोलावतो, असं तिचं म्हणणं. म्हणून ज्याला स्टेजवर यायचं असेल त्यानं आधी रानात यावं आणि काम करणाऱ्या बायांपुढे आपली कला दाखवावी, हा तिचा शिरस्ता होता.

निकाल लावायची तिची रीतही न्यारी होती. करणाऱ्याकडे ती पाहायचीच नाही. पाहायची ती बायांच्या हातांकडे. विळे चालूच राहिले तर नापास. वीसपैकी दहा हात थांबले तर पास. आणि सगळेच थांबले, डाव्या मुठीतला कांदा तसाच डाव्या मुठीत राहिला, तर तो माणूस कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर, चौथ्या जागी जायचा. चौथी जागा म्हणजे मानाची. भाषणं आटोपलेली, लेकरं पेंगुळलेली नाहीत, सगळं गाव डोळे लावून बसलेलं.

“हसन्यावर जाऊ नगं, रत्ने,” ती मला सांगायची. “बाया लाजंनं बी हसत्यात. हातास्नी खोटं बोलता येत न्हाई.”

मी तेव्हा चौथीत होते. अक्षर बरं आणि तोंड बंद ठेवायची तयारी, एवढ्या दोन गुणांवर तिनं निवडीची वही माझ्याकडे दिली होती. दोनशे पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. मी त्यात चार रकाने आखले होते: नाव, काय केलं, किती मिनिटं, हात. शेवटच्या रकान्यात ‘थांबले’ किंवा ‘नाही थांबले’ असं लिहिताना मला अंगात केवढा तरी अधिकार आल्यासारखं वाटे. वर्गात ज्या पोरी मला खेळायला घेत नसत, त्यांचे काका-मामा आता माझ्या पेन्सिलीकडे केविलवाणे बघत होते... खोटं कशाला बोलू, मला त्याची फार मजा वाटत होती.

ज्यांच्या रानात हे चालायचं ते बिरूमामा. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मामांकडे आता बागायत होती आणि मेंढरांची आठवण म्हणून एक केसाळ कुत्रा तेवढा राहिला होता. त्या कुत्र्याला नुसत्या शिट्ट्यांवर बसवणं, उठवणं, वळवणं हा मामांचा दरवर्षीचा प्रयोग. त्या वर्षी कुत्रा सगळं ऐकत ऐकत आला आणि शेवटी कांद्याच्या राशीवर चढून आरामात झोपला. वीसच्या वीस हात थांबले. पण ते हसू आवरायला थांबले की कौतुकानं, यावर आत्या आणि मामा यांची बरीच हुज्जत झाली, आणि मी वहीत ‘थांबले (कुत्र्यामुळे)’ असं लिहून दोघांचंही मन राखलं.

आता आप्पांचं सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील. शिरूरच्या एसटी डेपोत ते मेकॅनिक होते. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे ते ग्रीसचा, डिझेलचा आणि शिरूरच्या बाजारातल्या शेवेच्या पुडीचा असा तिहेरी वास घेऊन. त्यांचा प्रयोग एकच होता, ‘शिरूर ते खुटबाव’. तोंड आणि एक पत्र्याचा डबा, बाकी काही नाही. थंड पडलेलं इंजिन तीनदा खोकून चौथ्यांदा सुरू व्हायचं, कंडक्टरचा तिकिटाचा चिमटा टिकटिक करायचा, दोनदा घंटी वाजायची, पिशवीतली कोंबडी कुरकुरायची, न्हावऱ्याला कुणीतरी झोपेतून उठून “उतरायचंय, उतरायचंय” म्हणायचं, पारगावला भीमेच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ व्हायचा. आणि मधूनमधून कंडक्टरची हाळी — “चला, पुढं सरका, पुढं जागा हाय!” मला तो सगळा प्रवास तोंडपाठ होता, तरी दर वेळी पुलावर आले की मी श्वास धरत असे.

आणि हा माझ्या आप्पांचा प्रयोग दरवर्षी सगळ्यांत पहिला लागायचा. लोक अजून येतायत, कुणी पोतं अंथरतंय, माईक शिट्ट्या मारतोय, अशा गोंधळात. मला वाटायचं, सुरुवातीचा मान. त्या वर्षी वही हातात आली आणि मागच्या याद्या चाळताना मी आत्याला सहज विचारलं, तर ती कांदा छाटत म्हणाली, “पयल्याला कुनी बघत नसतंय गं. तिथं आपलाच मानूस टाकायचा. न्हाई बघितलं तरी रुसत न्हाई.”

तिनं ते अगदी सहज सांगितलं, पण मी वही मिटून टाकली. एवढी वर्षं माझे आप्पा तिथं उभे राहून गाडी चालवत होते, आणि गाव पोती अंथरत होतं. मी मनाशी ठरवलं: यंदा आप्पा चौथे. काहीही झालं तरी चौथे.

आप्पांची पाळी आली ती शनिवारी दुपारी. तेवढ्यात मांडववाला आला आहे म्हणून कुणीतरी आत्याला वस्तीवरून बोलवायला आलं. ती उठली, पदरावरचे पापुद्रे झटकले आणि म्हणाली, “तू बघ आता. नुस्तं हात बघ.” एवढा भरवसा तोवर माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

आप्पांनी इंजिन सुरू केलं. मी हात बघत राहिले. शिरूर सुटलं, न्हावरा गेलं — विळे चालूच. पूल आला, मी श्वास धरला, विळे चालूच. बाया हसत होत्या, माना डोलवत होत्या, एक जण तर “आमाला बी केडगावला उतरवा वो” म्हणाली, पण एक हात थांबेल तर शपथ. उलट आप्पांनी वेग धरला तशी विळ्यांची करकरही वाढत गेली. खुटबाव आलं. आप्पांनी डबा खाली ठेवला, गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहून हळूच एक डोळा मिचकावला.

मी वहीत लिहिलं: ‘सगळे थांबले.’ पेन्सिलीचं टोक मोडलं, ते दातांनी नीट करून ‘सगळे’ या शब्दाखाली रेघही मारली.

आत्यानं संध्याकाळी वही वाचली, क्षणभर त्या ओळीवर बोट ठेवलं आणि यादी केली. आप्पा चौथे. पहिल्या जागी सायकलवाला दत्तू पैलवान. यादी समाजमंदिराच्या फळ्यावर खडूनं लिहिली गेली. आप्पांनी ती तीनदा वाचली आणि घरी येऊन आईला चांगला इस्त्रीचा सदरा काढायला सांगितला.

कार्यक्रमाच्या दिवशी दत्तू पैलवानानं दातांत सायकल उचलली तेव्हा मांडवात जत्रेसारखा कालवा होता. म्हातारी माणसं वाटेत उभी, पोरं खांबांना लोंबकळलेली. “ती सायकल बाजूला घ्या रं, बसू द्या मानसांना,” असं कुणीतरी ओरडलं. दत्तूनं सायकल खाली ठेवली, “कुनी बघितलंच न्हाई” म्हणत तो तडक मांडवाबाहेर गेला. लोक बसता बसेनात. दुसरं झालं, तिसरं झालं, तेव्हा कुठे सगळे पोत्यांवर ओळीनं बसून शांत झाले.

मग आप्पा आले. इस्त्रीच्या सदऱ्यात ते जरा परकेच वाटत होते. इंजिन सुरू झालं, चिमटा वाजला, घंटी वाजली. “चला, पुढं सरका, पुढं जागा हाय!”

कुणीच सरकलं नाही. सरकणार कोण? सगळे बसलेले होते. दरवर्षी हीच हाळी आली की उभी असलेली माणसं हसत हसत खरोखर पुढे सरकायची, “वो कंडक्टर, आमाला खिडकी द्या” म्हणत जागा धरायची, आणि गाडी पारगावला पोचेतो सगळा मांडव बसलेला असायचा. आप्पांकडे कुणी बघत नव्हतं हे खरं. ते आप्पांच्या गाडीत चढत होते. हे मला कळलं ते त्या भयाण शांततेत. आप्पांनी पुन्हा हाळी दिली. आवाज थोडा चिरकला. पाचशे डोळे नुसते त्यांच्याकडे लागलेले. त्यांनी गळ्याशी हात नेला, पण इस्त्रीच्या सदऱ्यावर टॉवेल घेतलेला नव्हता...

हे माझ्या पेन्सिलीनं केलं होतं. मी उठले, कनातीखालून बाहेर सटकले, मांडवाला वळसा घालून मागून धावत आले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, “वो कंडक्टर! थांबवा गाडी! संगं म्हातारी हाय!”

पाचशे डोळे मागे वळले. आप्पांनी डब्यावर एकदा घंटी मारली. ब्रेक असा करकचून लागला की पुढच्या ओळीतली लेकरं खरंच पुढे कलंडली.

“म्हातारी कुनाला म्हन्तीस गं?” कडेला बसलेली आत्या कमरेवर हात ठेवून उठली, आणि एक रिकामं पोतं डोक्यावर घेऊन माझ्यामागून गाडीत चढली. मग बिरूमामा उठले, कुत्र्यासकट.

“कुत्र्याला तिकीट पडतंय का, कंडक्टर?”

“अर्धं,” आप्पा म्हणाले. “मांडीवर घेत असाल तर फुकाट.”

मग काय विचारता! सगळा मांडव उठला. कुणी न्हावऱ्याला चढलं, कुणी पारगावला उतरलं, एका वळणावर आख्खं गाव उजवीकडे झुकलं आणि दत्तू पैलवान परत येऊन सायकल टपावर टाका म्हणून हटून बसला. पुलावर मात्र सगळे गप्प झाले, आणि त्या पोकळ आवाजात मी आप्पांचा हात धरून उभी होते. इतकी सुखी मी त्या वयात दुसऱ्या कशानं झाल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला खरं सांगितलं. सांगताना रडले. ती पाटी उपडी करत होती.

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “मी माघारी आले तवा दोन पाट्या जास्ती भरल्या हुत्या. हात थांबलं असतं तर कमी न्हाई का भरायच्या?”

“मग चौथं का लावलंस?”

तिनं रिकामी पाटी झटकली. “मला बी वाटलं, बाळूला एकदा मधी उभा बघावं,” ती म्हणाली. “भाऊ हाय माजा.” मग माझ्याकडून वही घेतली आणि पाचवा रकाना आखून दिला. त्यावर काय लिहायचं ते तिला सुचलं नाही, तो तसाच कोरा राहिला. पुढच्या वर्षी आप्पा पुन्हा पहिले लागले. या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी मिरवलेच.

आता मी शिरूरलाच शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनाची निवड माझ्याकडे असते, आणि मी मुलांना खिचडीच्या तांदळातले खडे निवडणाऱ्या मावश्यांपुढे उभं करते. नव्या शिक्षकांना हे चमत्कारिक वाटतं. मावश्यांचे हात कधी थांबतात, कधी भरभर चालू लागतात. मी दोन्हींना पास करते.

मागच्या वर्षी आप्पा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीत मांडव घातला होता; माणसं खूप आली, डेपोतली, रानातली, आणि अशा वेळी येतात तशी ती सगळी दाराशीच घोटाळत उभी राहिली. पुढे जाऊन बसायचं कुणाला सुचेना. आप्पांच्या फोटोशेजारी शेवंताआत्या खुर्चीत बसून तबकासाठी झेंडूच्या पाकळ्या खुडत होती. तिला आता नीट दिसत नाही. पण गर्दी अडली आहे हे तिला आवाजावरून कळलं असावं, कारण मान वर न करता ती म्हणाली,

“चला, पुढं सरका. पुढं जागा हाय.”

एक क्षण कुणी हललं नाही. मग बिरूमामा आधी सरकले, त्यांच्यामागून दत्तू, आणि मग कुणी ओल्या डोळ्यांनी, कुणी हसत, सगळा मांडव पुढे सरकून बसला. मी सवयीनं आत्याच्या हातांकडे पाहिलं. ते थांबले नव्हते. पाकळ्या भरभर तबकात पडत होत्या.