माझ्या वतीने बेहाला

बँकेतल्या मीनाताईंच्या घरी चैत्राचं हळदीकुंकू होतं. कोलकात्याच्या न्यू टाउनमधला अकरावा मजला, दहा-बारा मराठी बायका, वाट्यांमध्ये कैरीची डाळ. कुंकवाचा करंडा फिरत फिरत माझ्यापाशी आला आणि मला वगळून पुढे गेला. मी कुंकू लावत नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते. कुणी विचारलंच नाही.

मग एकीने विचारलं, "घर मिळालं का हो तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत मीनाताई म्हणाल्या, "तिने बेहालात बघितलंय. तिच्या लाइफस्टाइलला तेच बरं. इथलं वातावरण वेगळं आहे ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हसले. बेचाळीस वर्षांची बाई, बँकेत अधिकारी, आणि हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

माझी लाइफस्टाइल ती काय? सकाळी डबा, दिवसभर बँक, संध्याकाळी लेकीचा अभ्यास. मीनाताईंचीही तीच. फक्त त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे.

नागपूरहून माझी बदली कोलकात्याला झाली. नवरा तिकडेच राहिला, त्याची नोकरी तिथे. मी आणि आठ वर्षांची मुलगी गेस्ट हाउसमध्ये. शाखेत मराठी बोलणाऱ्या एकट्या मीनाताई. बारा वर्षं झाली त्यांना इथे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, मी आहे ना." परक्या गावात हे वाक्य ऐकलं आणि मी विरघळलेच. रोज एकत्र डबा खायचो. माझी झुणका-भाकर त्या मिटक्या मारत खायच्या.

घराचा विषय त्यांनीच काढला. त्यांच्या समोरचा फ्लॅट रिकामा होता. आम्ही दोघी जाऊन बघून आलो. मालक घोषबाबू, निवृत्त माणूस, दोन मिनिटांत तयार. बँक जवळ, लेकीची शाळा जवळ. आणि सोसायटीत पाच-सहा मराठी घरं. मला तेच हवं होतं. आधीच्या परप्रांतांतल्या बदल्यांमध्ये मुलीची मराठी पार मोडून गेली होती. आजीशी फोनवर बोलताना अडखळायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. समोर मीनाताईंची मुलं असतील, खेळता खेळता बोलेल, असा माझा हिशेब.

मग एक दिवस जेवताना त्यांनी विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं गं?"

आपल्या लोकांची ही पद्धत मला काय ठाऊक नाही? आडनाव गावावरून पडलेलं असलं की त्यावरून काही कळत नाही. मग गाव विचारतात, मग कुलदैवत. आयुष्यभर मी असले प्रश्न टोलवत आले. इथे टोलवला नाही. आपली बाई आहे, म्हटलं. घरापासून हजार किलोमीटरवर कोण बघतंय?

"आमच्यात कुलदैवत नसतं. आम्ही बौद्ध," मी सांगून टाकलं.

"हो का," त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी भाजी घेतली नाही. उपास होता म्हणे. मंगळवारी उपास, बुधवारी उपास. त्यांच्या डब्यात मात्र पोळ्या असायच्या. मी स्वतःला समजावत राहिले, पोट बिघडलं असेल. आठवडाभराने म्हणाल्या, "घोषबाबूंनी फ्लॅट दुसऱ्याला दिला गं. वाईट वाटलं मला. तू बेहालात बघ, तुला सोयीचं पडेल."

सोयीचं कसलं? बेहाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, बँकेत पोचायला दीड तास. तरी गेले. आणि खरं सांगते, बेहाला मला आवडलं. खाली बाजार, पलीकडे मेट्रो, घरमालकीण मोकळ्या स्वभावाची. सोमवारी तिला टोकन द्यायचं ठरलं. हळदीकुंकू त्याच्या आदल्या दिवशी होतं.

सोमवारी सकाळी घोषबाबू माझ्या टेबलासमोर उभे. पासबुकात पत्ता बदलायचा होता. मला बघून म्हणाले, "मैडम, आपका दीदी तो बोला, आपको बेहाला पसंद है. हमारा फ्लैट तो अभी भी खाली है."

मी फॉर्मवर शिक्का मारला. शिक्का वाकडा पडला.

परक्या माणसाने मला नाकारलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं मी कोण. माझ्या भाषेत बोलणाऱ्या बाईने, माझ्या हातची भाकरी खाल्लेल्या बाईने, माझ्या वतीने नकार कळवला होता. वर बायकांसमोर माझ्या नावाने आवडही जाहीर केली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "मी नाही म्हणाले, असं तुम्ही घोषबाबूंना सांगितलंत?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. आमच्याकडे सणवार असतात, येणं-जाणं असतं. तुला अवघडल्यासारखं झालं असतं."

"मला, की तुम्हाला?"

त्यांनी डबा बंद केला. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आपण मराठी माणसं."

"आपण म्हणू नका," मी म्हणाले. "मी फ्लॅट घेतेय. तुमच्या समोरचा. कुणाला काही सांगायचं असेल तर मी सांगेन."

मी संध्याकाळी घोषबाबूंना टोकन दिलं. बेहालाच्या मालकिणीला फोन करून माफी मागितली. तिने फक्त विचारलं, शाळा जवळ पडेल ना?

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती नाचायलाच लागली. समोरच्या मुलांबरोबर खेळेन म्हणाली. त्यांची आई त्यांना आपल्याकडे पाठवेल का, हे तिने विचारलं नव्हतं. तरी मी तिला सांगितलं. बहुतेक नाही पाठवणार. आणि का नाही, तेही सांगितलं, मराठीत, काही न लपवता. तिला अर्धे शब्द कळले नाहीत. मी पुन्हा सांगितलं. तिला नीट कळेपर्यंत सांगणार आहे.