तिखट कोंबडा आजपासून बाद

मंडळी, आज सकाळी आमच्या तांबड्या कोंबड्यानं सासूबाईंच्या मनगटावर नख्या मारल्या. त्या खुराडं झाडून राह्यल्या होत्या, बस.

तांबडा दिसाले राजा आहे. मान तांब्यासारखी, शेपूट हिरवी-काळी. त्याच्या रंगाची पिल्लं पाहिजेत म्हणून लोक धामणगाव बढ्याहून आमच्या उंद्रीले येतात.

मी सासूबाईंच्या जखमेवर हळद दाबून बसले होते, तेवढ्यात उबवायची अंडी न्यायले आलेले एक काका हसले. "कोंबडा तिखटच पाहिजे पोरी! तोच अस्सल."

मी म्हणलं, "काका, याच्यापासून झालेली अंडी आता कोणालेच भेटणार नाहीत."

नवरा दचकला. "काऊन? रंग जाईन ना!"

"जाऊ द्या. याचंच पिल्लू आहे तो राखाडी कोंबडा, तो हातावरचे दाणे खाते. आता कोंबड्यांत तोच राहीन. रंग मी त्याच्या पिल्लांतून निवडून निवडून परत आणीन. आधी स्वभाव."

दुपारीच तांबड्याले वेगळं कोंडलं. सासूबाई मनगट धरून पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "मले वाटे, कोंबडा म्हणजे असाच असते."

तिखट कोंबड्याचं कौतुक करणाऱ्यांनो, एवढंच सांगा. तुमच्या घरी खुराडं कोण झाडते?