सही जुळत नाही

भट्टीवाल्या काकांचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. पहिली पाळी यायच्या आत लोखंड वितळून तयार लागे. मतदानाच्या दिवशीही भट्टी पेटणारच होती आणि काकांचं नाव होतं बसने दहा तासांवरच्या गावच्या यादीत. म्हणून त्यांनी टपालाने मत देण्याचा अर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी भरला. तो परत आला. पाळी संपताच काका शहरातल्या निवडणूक कचेरीत गेले.

"काका, सही जुन्या सहीशी जुळत नाही," कारकून म्हणाला.

"जुळेल कशी? अंगठा भट्टीवर भाजला, तेव्हापासून पेन दोन बोटांत धरतो. माझी नाही तर काय तुझ्या सासऱ्याची सही आहे?"

"नियम आहे. गावच्या कचेरीत स्वतः जाऊन नवी सही नोंदवा."

"अरे, गावी जाता आलं असतं तर टपालाने मत कशाला मागितलं असतं?"

कारकुनाने चहाची वेळ झाली म्हणून खिडकी लावून घेतली. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कामात अंगठा गेला, त्याच कामापायी मतही जायचं?

भट्टीवरच्या जोडीदाराने दोन पाळ्या सलग ओढायचं कबूल केलं आणि मतदानाच्या दिवशी काकांनी तीस वर्षांतला पहिला खाडा केला.

"एका मतासाठी एवढा आटापिटा?" बायको म्हणाली.

"एकच तर आहे!"

नव्या बुटांसाठी बाजूला ठेवलेली आठवड्याची मजुरी जाण्यायेण्याच्या तिकिटात गेली. टाच जळालेल्या जुन्याच बुटांत काका गावच्या मतदान केंद्रावर रांगेत सगळ्यात पुढे उभे राहिले.