राठोड मिस्त्री आणि त्यांची पाटी

फुलसिंग राठोड मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कोपरापर्यंत ग्रीसने माखलेलो होतो आणि इंजिनातले सारे काही मला कळते, अशी माझी पक्की समजूत होती. घाटंजीकडे एका पाझर तलावाच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आमच्या घरात तीन पिढ्या टेबलाशी बसून कागद लिहिण्यात गेलेल्या. यंत्राला हात लावणारा मी पहिलाच. त्यामुळे तोरा जरा जास्तच होता.

कामावरचा बुलडोझर तेव्हाही जुनाच होता. त्याच्या मोठ्या डिझेल इंजिनाला सेल्फ-स्टार्टर नव्हता. त्याच्या कुशीला दोन सिलिंडरचे एक छोटे पेट्रोल इंजिन बसवलेले होते. आधी ते दोर ओढून चालू करायचे आणि मग त्याच्या जोरावर मोठे इंजिन फिरवून जागे करायचे. आम्ही सगळे त्या छोट्या इंजिनाला पिल्लू म्हणत असू. त्या दिवशी पिल्लू चालू होई, तीन-चार मिनिटे चाले आणि मोठ्याला जाग यायच्या आत बंद पडे. मी तीनदा कार्ब्युरेटर धुतला, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो खोलून पुन्हा बसवला. बांधावर मजूर बसून होते आणि माझ्याकडे पाहत होते. शेवटी दारव्ह्याच्या कॅम्पवरून मिस्त्रींना बोलावणे गेले.

मिस्त्री आले ते सायकलवर. त्यांनी एकाही पान्याला हात लावला नाही. पिल्लू चालू करायला सांगितले आणि डोळे मिटून, कान देऊन उभे राहिले. ते बंद पडताच त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल केले. फुस्स करून हवा आत शिरली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. त्यात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. मिस्त्रींनी बाभळीच्या काट्याने भोक मोकळे केले आणि दहा मिनिटांत डोझर कामाला लागला.

“साहेब, पहिले पोटाचं पाहावं, मंग डोक्याचं,” एवढेच ते मला बाजूला घेऊन म्हणाले. पेट्रोल म्हणजे पोट आणि ठिणगी म्हणजे डोके. मी सकाळपासून डोकेच फोडत बसलो होतो. चारचौघांत ते हे बोलले असते तर माझी अब्रू तिथेच गेली असती. ते त्यांनी टाळले, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले.

मिस्त्रींचा मारही मी खाल्ला आहे. एकदा पिल्लू चालू करताना मी दोर हाताला गुंडाळून घेतला. घट्ट पकड येते, असा माझा हिशेब. मिस्त्रींनी धावत येऊन माझ्या मनगटावर अशी चापट मारली की दोर गळून पडला. साहेबाला मारले म्हणून मजुरांची कामे थांबली. इंजिन कधी उलटा झटका देते आणि दोरासोबत हातही ओढून नेते, हे त्यांनी मला नंतर सांगितले. आधी स्वतःच्या हाताने चहा करून आणला. “रागावू नका जी. हात गेला असता तर सही कशानं केली असती?” असे म्हणाले. पुढे तीस वर्षे मी सह्याच केल्या.

आता एक गोष्ट, जी मिस्त्रींच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहू नये असे संपादक म्हणतील. पिल्लाचा सायलेन्सर गंजून गळून पडला होता. धुराच्या पाइपाचे तोंड मिस्त्रींच्या कानापासून हातभर अंतरावर. नवा सायलेन्सर मागवा, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. मी कागद केला, तो वरून परत आला आणि मी तो पुन्हा पाठवला नाही. मशीन चालत होती, काम होत होते, म्हणून मी स्वस्थ बसलो. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा सांगितले नाही. ज्या कानांच्या भरवशावर आम्ही सगळ्यांनी नोकऱ्या केल्या, ते कान त्यांच्या निवृत्तीच्या आधीच मंदावले आणि गेल्या काही वर्षांत पूर्ण गेले. याची लाज मला वाटते.

मिस्त्री आता बोरी अरबजवळच्या आपल्या तांड्यावर राहतात. घर भरलेले आहे. मुलगा राजूरकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो आणि आठवड्याला येतो. सून घर आणि वावर दोन्ही सांभाळते. सासऱ्यांना ताजी भाकर आणि गरम चहा वेळेवर मिळतो. कमतरता आहे ती फक्त बोलण्याची. “काय बोलू जी साहेब?” ती मला म्हणाली. “येक गोष्ट तीनदा वरडून सांगा लागते. दिवसभर कापूस येचून आल्यावर वरडाची ताकदच राहत नाही.” तिच्यात काही खोट नाही. कानाचे यंत्रही मिस्त्रींना मिळाले होते. ते त्यांनी जुन्या प्लगांच्या डब्यात टाकून दिले आहे. “त्यात निसती शिट्टी वाजते, गाडी काही येत नाही,” हे त्यांचे त्यावरचे मत.

म्हणून त्यांनी दाराशी पाटी टांगली. नात शिकायला यवतमाळला गेली, तिची लहानपणची पाटी. शेजारी खडू. ज्याला बोलायचे त्याने लिहावे.

गेल्या दसऱ्याला मी त्यांना घेऊन दारव्ह्याच्या कॅम्पच्या जुन्या आवारात गेलो. तसला एकच डोझर तिथे उरला आहे. दसऱ्याला नुसता हार घालून भागत नाही, मशीन बोलली पाहिजे, हा मिस्त्रींचा नेम. नोकरी संपली तरी त्यांनी तो मोडला नव्हता. पाटी त्यांनी काखेत घेतली होती. टाकीतले जुने पेट्रोल हुंगून त्यांनी सांडून दिले, नवे ओतले, खालची गाळाची वाटी धुतली. पोट झाले. मग डोके: मॅग्नेटोच्या पॉइंटमधून कोऱ्या कागदाची पट्टी फिरवून ते साफ केले. तिथल्या चौकीदाराने दोर ओढला. दोर हाताला गुंडाळू नको, हे त्याला आम्ही दोघांनीही एकदम सांगितले. पिल्लू लागले, पण लंगडत.

मिस्त्रींनी त्याच्या अंगावर तळहात ठेवला. चेहरा पडला. “काहीतरी मिस करून राह्यलं. मले हातानं एवढंच समजते. कसं बोलते, तुम्ही आयका अन् लिवा.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी कान दिला. पाटीवर लिहिले: ‘एकच सिलिंडर मारते.’

त्यांनी बोट ओले करून एकेका सिलिंडरला लावले. एक तापलेले, दुसरे गार. गार सिलिंडरच्या प्लगची वायर चाचपत गेले तर मागच्या बाजूने ती उंदरांनी कुरतडलेली. ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच लोखंडात उतरत होती. खिशातून त्यांनी जुन्या स्कूटरची वायर काढली. मी खिशात पेन ठेवतो तशी ते वायर ठेवतात. ती जोडून पुन्हा दोर ओढला आणि पिल्लू दोन्ही पायांवर धावले. थोड्या वेळाने त्यांनी मोठे इंजिनही उठवले. मिस्त्री तळहात ठेवून उभेच होते.

“आता कसं बोलते?”

‘पहिल्यासारखे,’ मी लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि डोळे पुसले.

संध्याकाळी त्यांना तांड्यावर सोडले. पाटी खिळ्याला टांगताना मी ती पुसून मोठ्या अक्षरात लिहिले: ‘पुढच्या आठवड्यात येतो.’

मी गेलो होळी झाल्यावर. कारण काही नव्हते. पत्नी गेल्यापासून मीही घरात एकटाच असतो; मला चांगले ऐकू येते, पण बोलायला कोणी नाही. तरी गेलो नाही. माणूस आळशी असतो, आणि सायलेन्सरच्या बाबतीत तसा मी आधीही होतोच.

दाराशी पाटी होती. तिच्यावर माझेच अक्षर: ‘पुढच्या आठवड्यात येतो.’ खडूही तेवढाच. इतक्या महिन्यांत कोणी एक अक्षर लिहिले नव्हते. मला वाटले, पुसायचे राहून गेले असेल. मी फडके उचलले तर मिस्त्री म्हणाले, “तुम्ही येतो म्हनून लिवलं होतं. म्हनून पुसलं नाही.”

मी ती ओळ पुसली आणि खडू घेतला. त्यांच्या पंचाहत्तरीचा सोहळा ठरला आहे, हे लिहिले. ते खूश झाले नाहीत. “मंचावर बसून लोकांचे हलते व्हट पाहू काय?” एवढेच म्हणाले.

तेव्हा माझ्या निवृत्त सहकाऱ्यांनो, शाल-श्रीफळ जरूर द्या, पण भाषणे थोडी कमी करा. टेबलावर पाटी ठेवा आणि रांगेने एकेकाने तिच्यावर लिहा. सोहळ्यानंतर तांड्यावर जा. आणि संपादकांना विनंती, हा लेख मोठ्या टायपात छापावा. तो ज्यांच्यासाठी लिहिला आहे, त्यांना तो ऐकवता येणार नाही.

मिस्त्री, हे तुम्ही अंगणात बसून, चष्मा सावरत वाचत असाल. त्या दिवशी निघताना मी पाटी पुसून लिहिले होते: ‘रविवारी येतो.’ तुम्ही माझ्याकडे पाहून विचारलेत, “कोन्ता रविवार?” मी खडू घेऊन त्याच्या आधी एक शब्द जोडला: ‘दर.’

आजवरचे रविवार चुकलेले नाहीत. तुमचे हात असेच स्थिर राहोत, डोळे शाबूत राहोत आणि तुम्ही शंभरी गाठा. अजून पंचवीस वर्षे दर रविवारी यायचे, म्हणजे मलाही प्रकृती सांभाळावी लागणार आहे.