शकूच्या गालावरचं वांग

आमच्या रेवदंड्याच्या कोळवाड्यात शकू एकच होती, पण दिसायच्या दोन. एक पावसाळ्यातली, एक शिमग्यातली. पावसाळ्यातली शकू ओटीवर आईशेजारी जाळं सांधत बसलेली असायची, आणि तोंड असं की सोललेली कोलंबी. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, बोंबलांचे ढीग यायला लागले की तिच्या तोंडावर वांग चढायचं. आधी नाकाच्या दांड्यावर, मग दोन्ही गालांच्या उंचवट्यावर, मग कपाळावर कुंकवाच्या दोन्ही अंगांना. शिमग्यापर्यंत पोर ओळखू यायची नाही.

मी तिला म्हणायची, "शकू, तुझ्या डाव्या गालावर अलिबाग आलंय, उजव्यावर मुरूड. मधलं नाक म्हंजे आपली खाडी. आता सरकारला नकाशा छापायचं कारण न्हाय."

ती कुठं ऐकून घ्यायला! "आणि नीरामावशे, तुझं तोंड कुठं दाखवायचं नकाशात? त्याचा भोंगा तर मुंबैला ऐकू जातो."

तिची आई वेणूबाई आणि मी, आमची घरं एका भिंतीची. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला मी होते.

वेणूबाईचा नवरा गुणाजी तापानं गेला तेव्हा शकू परकर नेसत होती. मागं राहिल्या दोन बाया आणि किनाऱ्यावरच्या वलांड्या, म्हणजे खांबांना दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालायच्या त्या. वेणूबाई होड्यांवरून ओला बोंबील घ्यायची आणि सुका झाला की पाटी डोक्यावर घेऊन बाजार करायची. मधलं सगळं शकूचं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दोरी डोक्याच्या वर, म्हणून तोंड आभाळाकडे. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत ती सूर्याकडे तोंड करून उभी, आणि पायाखालची वाळू खालून भाजणार ती निराळीच. वांग येईल नाही तर काय चांदणं येईल?

आता आमच्यात सोयरिकी जमतात त्या पावसाळ्यात. होड्या शाकारून किनाऱ्यावर घेतलेल्या, पुरुष रिकामे, बाया रिकाम्या. रिकामा माणूस दोनच कामं करतो, भांडणं लावतो नाही तर लग्नं. पुष्कळदा एकाच बैठकीत दोन्ही. स्वातंत्र्य मिळून सातेक वर्षं झाली असतील, त्या श्रावणात एकदऱ्याची सखुबाई साळावच्या तरीनं खाडी ओलांडून आली. बरोबर तिचा मुलगा सदा, होडीत स्वतःचा वाटा असलेला. तो सगळा वेळ आईची छत्री धरून बसला होता, घरात, छपराखाली.

सखुबाईनं पोरीला नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. हाताला धरून उजेडात दारापाशी नेली, हनुवटी वर केली आणि पदराचं टोक तांब्यात बुडवून दोन्ही गाल पुसले. मग पदर बघितला.

"पावडर न्हाय ना, ते बघते," ती म्हणाली. "राग मानू नका. सदाच्या आत्येला लग्नानंतर कोड फुटलं. नवऱ्यानं घरी धाडली. मागच्या खोलीत जगली आणि तिथंच मेली. तवापासून आमच्याकडं कोण पोर देईना. मना हुंडा नको, भांडी नकोत. मना डागाचं भ्या हाय."

शकूनं तोंड उघडलं. "मी उन्हात—"

"उन्हात कामाला वाघीण हाय हो माझी," वेणूबाईनं वाक्य मधेच उचललं आणि पानाचं तबक पुढं केलं.

लग्न शिमग्यानंतर करायचं ठरलं. त्याआधी माघात सखुबाई लुगडं घेऊन येणार होती. छत्रीवाला सदा शकूला आवडला होता, हे मला भिंतीतून कळलं. आधी तिचा वरवंटा पाट्यावर आदळायचा, आता गाण्यावर चालायला लागला.

पौर्णिमा झाली. दोऱ्या भरल्या. दिवाळीला शकूच्या नाकावर पहिला डाग उमटला, आणि वरवंट्याचं गाणं थांबलं.

वेणूबाईची झोप गेली. चौलला सफुराबी म्हणून एक म्हातारी होती. घराच्या पडवीत सुरमा, अत्तर आणि झाडपाला घेऊन बसायची. तिच्या औषधाला गुण होता, फक्त तिला घाई खपत नसे. आम्ही तिघी गेलो. सफुराबीनं शकूचे गाल अंगठ्यानं ताणून पाहिले.

"बाय, हे वांग. रोग न्हाय, उन्हाचं देणं हाय. जायफळ दुधात उगाळ, रात्री लाव, सकाळी धू. मसुरीचं पीठ चोळ, पण हळू. आणि उन्हात जाव नको. दोन महिन्यांत फिकं पडेल, इन्शाअल्ला."

"उन्हात जाव नको म्हंजे?" वेणूबाई म्हणाली. "बोंबील काय सावलीत वाळतात?"

"मग जायफळ मच्छीला लाव," सफुराबी म्हणाली. "उन्हाचं देणं रोज परत येणार असंल तर मी काय करू? मना अर्धं औषध देता येत न्हाय."

अर्ध्या औषधावर आम्ही तिघी परतलो. पण शकू जिद्दीची. रात्री सहाणेवर जायफळ घासल्याचा आवाज यायचा. दिवसा ती डोक्याला आणि तोंडाला ओलं फडकं गुंडाळायची, नुसते डोळे उघडे. मी म्हणायची, "शकू, तू मच्छी सुकवायला चाललीस की दरोडा घालायला?" भर दुपारचं काम वेणूबाईनं स्वतःकडे घेतलं. तिच्या मानेला दोरीकडे बघून रग लागायची, तरी तिनं दोरी सोडली नाही. आणि खरं सांगते, गुण आला. पौषात नाकावरचा डाग पुसट झाला, गालांवरचा शेवाळासारखा हिरवट-तपकिरी होऊन कडेनं विरायला लागला. शकू आरसा घेऊन दारात जायची, एकदा या बाजूनं बघायची, एकदा त्या.

तेवढ्यात तरीवाल्याकडून निरोप आला. सखुबाई माघाची वाट बघणार नव्हती. येत्या सोमवारी लुगडं घेऊन येते म्हणाली. आणि नेमका त्याच आठवड्यात बोंबील असा पडला की होड्या काठाला लागताना टेकतात की काय वाटावं. एकट्या वेणूबाईला दोऱ्या भरणं अशक्य. ओला बोंबील थांबत नाही. सकाळचा संध्याकाळी सडतो.

आमच्या प्रत्येक घराच्या मोरीत अर्धं लिंबू असतं. मच्छीचं काम झालं की हातांना चोळायचं, वास जातो. त्याच लिंबानं आम्ही देवाची पितळी समई घासतो, ती कशी लखलखते! वेणूबाईचं डोकं त्या समईवरून चाललं.

"पितळ उजळतं, वास जातो, मग तोंडाला काय धाड भरलीय?" ती मला म्हणाली. "आणि फडकं नको आता. फडक्यानं पोरीचे हात चालत न्हायत. लिंबू चोळलं की ऊन काय करंल?"

"सफुराबीला विचार तरी," मी म्हटलं.

"सफुराबीला सोमवार कळतो व्हय?"

शकूनं दोन सकाळी लिंबू चोळलं. फोडीतला रस गाल ओला होईपर्यंत पिळायचा, धुवायचं नाही, तसंच वलांडीवर. पहिल्या दिवशी नुसतं चुणचुणलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मावशे, तोंडावर मुंग्या चालतायत." दोऱ्या भरल्या, शेवटची जोडी टाकली. रात्रीतून गाल लाल झाले, आणि सकाळी त्यांच्यावर फोड उठलेले. रस ओघळून हनुवटीपर्यंत गेला होता. जिथं जिथं ओघळ, तिथं तिथं फोड. एक ओघळ मानेवरून उतरलेला. मी आयुष्यभर तिच्या तोंडाला नावं ठेवली, त्या दिवशी मला एकही नाव सुचलं नाही.

सफुराबी स्वतः चालत आली. तिनं लिंबाची साल पाहिली आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! लिंबू लावून उन्हात? अगं, पोळवलंत की पोरीला!" तिनं खोबरेल तेलाचा हात फिरवला, अंधाऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं आणि फोड फोडायचे नाहीत म्हणून दम दिला.

सोमवारी सखुबाई आली. वेणूबाई म्हणत होती, कांजण्या आल्यात सांगू. मी म्हणत होते, चुलीवर भाजली सांगू. आमच्या दोघींचं खोटं ठरेपर्यंत शकू आतून बाहेर आली आणि म्हणाली, "लिंबू लावलं. वांग आलं होतं उन्हानं, ते घालवायला. पावसाळ्यात नसतं, ऊन लागलं की येतं."

सखुबाईनं लुगड्याचं गाठोडं अर्धं सोडलं होतं. ते तिनं पुन्हा बांधलं. "बरी होऊ दे पोर. पावसाळ्यात येते. लग्न पुढं ढकलू."

चिडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं.

फोड सुकले, खपल्या पडल्या. खालून निघाली ती कातडी काळी नव्हती. पांढरट होती, चुन्याचा हात लागल्यासारखी, आणि कडेनं पहिल्यापेक्षा गडद रेघ. पाऊस लागला, घरात बसून बाकीचं तोंड उजळलं, तसे ते चट्टे थोडे दबले, पण गेले नाहीत. श्रावणात सखुबाई आली. या वेळी सदा नव्हता. तिनं शकूला पुन्हा दारात नेलं, हनुवटी वर केली. पदर भिजवला नाही.

सफुराबीला आम्ही मुद्दाम बोलावून ठेवली होती. ती म्हणाली, "बाय, हे कोड न्हाय. कुराणाची कसम. पोळलेलं हाय, भरून येईल. वर्ष लागंल, दोन लागतील."

"मी मानते," सखुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. "पण एकदरं गाव मानणार न्हाय. एक पांढरा डाग त्यांनी आमच्या घरात बघितलाय. दुसरा आला तर माझ्या दोन पोरी तशाच ऱ्हातील." मग शकूच्या गालाकडं न बघता म्हणाली, "तुझ्यात खोट न्हाय गो."

वेणूबाईनं तिचे पाय धरले. शकूनं आईला उठवलं.

सखुबाई तोंडातून चकार शब्द काढणारी बाई नव्हती, पण मोडलेल्या लग्नाला कारण लागतं, आणि लोकांनी ते शोधून काढलं. कोड. पेणच्या बाजारात बाया वेणूबाईच्या पाटीत हात घालून मच्छी उलटीपालटी करायच्या आणि मग विचारायच्या, "ही तुझ्या पोरीनं सुकवलेली काय?" वेणूबाई म्हणायची, "न्हाय, मीच." आपल्याच पोरीचा हात बाजारात नाकारायचा, हे तिला रोजचं झालं. घरी आली की जेवायची नाही.

लपवायला तोंडच उरलं नव्हतं, तेव्हा शकूनं फडकं टाकून दिलं आणि दुपारचं कामही परत स्वतःकडं घेतलं. दोन उन्हाळ्यांत सफुराबी म्हणाली तसं झालं. पांढरे चट्टे भरून आले, वांग त्यांच्यावरून पसरलं, आणि सगळं तोंड एकाच काळपट रंगाचं झालं. एक पांढरा ठिपका शोधून सापडला नसता. पण तोवर सदाचं लग्न होऊन त्याला मुलगा झाला होता, आणि कोड शकूच्या तोंडावरून जाऊन लोकांच्या तोंडात बसलं होतं. तिथं सफुराबीचं जायफळ चालत नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी वेणूबाई गेली. छातीत कफ धरला होता. शेवटच्या दिवसांत ती लिंबू बघितलं की तोंड फिरवायची. आम्ही मोरीतलं लिंबू काढून टाकलं.

पुढच्या आषाढात बोर्लीच्या बुधाजीचं स्थळ आलं. बिजवर, पोरं नाहीत, मच्छी सुकवायचं स्वतःचं मोठं खळं. मध्यस्थ म्हणाला, या आठवड्यात घेऊन येतो. शकूचं तोंड तेव्हा पावसानं उजळलेलं, बरं दिसत होतं. मी म्हटलं, "हो म्हण गो."

"आता नको," शकू मध्यस्थाला म्हणाली. "चैतात घेऊन ये. भर दुपारी. खळ्यावर."

"अगं, आज दिसतंय ते दाखव की!" मी म्हटलं.

"आईनं तेच दाखवलं होतं," ती म्हणाली.

बुधाजी चैत्रात आला. मला वाटलं नव्हतं येईल. शकू शेणानं सारवलेल्या खळ्यावर जवळा पसरत होती. तिनं पदर मागं टाकला आणि त्याच्यासमोर उभी राहिली, सूर्याकडं तोंड करून. त्यानं गाल बघितले, मान बघितली, हात उलटे करून बघितले.

"कोड तर न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय."

"हे काळं जात न्हाय काय?"

"जातं. चार महिने सावलीत बसवलंस तर जातं."

बुधाजी हसला. माणूस वाईट नव्हता, सरळ होता. "सावलीत बसायला बाई कशाला आणू? माझं खळं याच्या तिप्पट हाय, आणि हात न्हायत. तोंडाचं मना काय न्हाय बघ. जवळ्याला तोंड दिसत न्हाय."

मी शकूकडं बघत होते. हो म्हणेल असं मला वाटलं. मी देवाला नवस बोलायला सुद्धा सुरुवात केली होती.

"मग हितलाच जवळा बरा," शकू म्हणाली. "तो माझा तरी हाय."

बुधाजीला राग आला नाही. त्यानं पाणी मागितलं, शकूनं तांब्या भरून दिला, आणि तो तरीच्या वाटेला लागला. मी तिच्या शेजारी वाकून दोन मुठी जवळा पसरला.

"मावशे, पातळ पसर," ती म्हणाली. "खालचा ओला राहतो."