काकूंचं फतफतं

सन दोन हजार जवळ आलं म्हणून त्या वर्षी सगळीकडे कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायचं काम निघालं होतं, आणि त्या कामावर माझा मुलगा पुण्याला लागला. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. दिवाळीला तो येईल म्हणून वाट पाहिली, तर त्याला सुट्टी मिळाली नाही. मग उन्हाळ्यात मीच एसटीत बसले. पुणं तोवर पाहिलेलं नव्हतं.

तो स्टँडवर घ्यायला आला होता. त्याला पाहताच पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की पोरगा अंगानं चांगला भरलाय. आईला आनंद व्हायला हवा. पण घरी असताना याच्या बरगड्या दिसायच्या. बावीस वर्षं दूधतूप घालून मला जे जमलं नाही, ते इथे कुणीतरी दहा महिन्यांत करून दाखवलं होतं.

कुणीतरी म्हणजे काकू. कसबा पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या आणि बँकेतून निवृत्त झालेले काका, असे दोघंच राहत. मागची खोली त्यांनी माझ्या मुलाला दिली होती, जेवणासकट. काकू साठीच्या असतील. बारीक अंगाच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या.

"या. प्रवास झाला ना नीट?" त्या म्हणाल्या. "आंघोळ उरकून घ्या. रविवार आहे, आम्ही लवकर जेवतो."

पानात गूळ घातलेलं वरण होतं, भात होता, आणि वाटीत काहीतरी हिरवंगार, दाट.

"हे काय?" मी विचारलं.

"फतफतं."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"अळूचं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे अळू नसतो का?"

"असतो ना. आम्ही चमकुरा म्हणतो त्याला. वड्या करतो."

"वड्या काय, सगळेच करतात."

मी घास घेतला. आधी बुळबुळीत लागलं, मग आंबट, आणि लगेच गोड. दाताखाली हरभऱ्याची डाळ आली, मग शेंगदाणा, मग खोबऱ्याचा काप. भाजी खातेय, औषध घेतेय की पक्वान्न, तेच कळेना. तिखट कधी लागतं याची वाट पाहिली. ते आलंच नाही.

मग माझं लक्ष मुलाकडे गेलं. घरी हा पालेभाजी ताटाच्या कडेला लोटायचा. मेथीच्या पराठ्यातली पानं काढून ठेवायचा. इथे भातात फतफतं कालवून तो बोटं चाटत होता. वाटी संपली तसा स्वतः उठला, स्वयंपाकघरात गेला आणि पातेलं घेऊन आला. डाव कुठे टांगलेला असतो ते त्याला न विचारता माहीत होतं. घरी याच्या हातात पाण्याचा पेला द्यावा लागायचा.

"आई, आवडलं?"

"गोड आहे."

"पहिल्यांदा तसंच वाटतं," तो म्हणाला. जसा काही तो जन्मापासून कसब्यातला आणि मी परगावची पाहुणी. पाहुणी तर होतेच.

खरं सांगायचं तर दुसऱ्याच घासाला ते मला आवडलं होतं. त्याचाच राग जास्त आला.

पुढचे दोन दिवस तो संध्याकाळी लवकर सुटून मला हिंडवत होता. एका दुकानात उंच ग्लासात दूध आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा आला. त्याला मस्तानी म्हणतात, हे ऐकून मला हसू आलं. चमच्यानं खायचं की ओठाला लावून प्यायचं, तेच कळेना.

"आधी वरचं खा, मग खालचं पी. काकू तसंच करतात," तो म्हणाला.

आंब्याची होती. छानच असणार. त्या वाक्यानंतर मला चव कळली नाही.

बुधवारी मी काकूंना म्हटलं, "आजचा स्वयंपाक मी करते."

"करा की. डबे कुठे आहेत ते तुमचा मुलगा सांगेल."

मी पाटोडीचा रस्सा केला. घट्ट शिजवलेल्या बेसनाच्या वड्या, खसखस आणि सुकं खोबरं भाजून वाटलेलं वाटण, आणि घरून आणलेलं तिखट. आमच्याकडे पाहुणा आला की हाच बेत असतो, आणि मुलगा लहानपणी वड्या मोजून घ्यायचा. फोडणी पडली तसे बाहेरच्या खोलीत काका ठसकायला लागले. काकूंनी पदर नाकाला लावून खिडकी उघडली.

जेवताना पहिल्या घासाला त्या थांबल्या. "झणझणीत म्हणजे काय, ते आज कळलं हो." डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यांनी वाटी पूर्ण संपवली.

माझ्या मुलानं तीन घास खाल्ले. त्याचे कान लाल झाले आणि त्याला उचकी लागली.

"आई, थोडं तिखट झालंय गं."

"नेहमीइतकंच आहे."

"मग माझी सवय गेली असेल."

काकू उठल्या आणि दह्याची वाटी नि साखर त्याच्यासमोर ठेवून परत बसल्या. त्यानं दोन्ही कालवलं. माझ्या रश्श्यात साखर! मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत जेवले. काकूंनी मुद्दाम काही केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी फक्त त्याला उचकी लागली ते पाहिलं होतं. तेसुद्धा माझ्या आधी.

निघायच्या दिवशी त्यांनी पुन्हा अळू आणला. हाताला तेल चोळून देठं सोलायला बसल्या. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. मी मात्र पेपर उघडून समोर बसले आणि त्याच्या वरून पाहत राहिले.

"विचारायचं असेल तर विचारा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "अर्धा तास झाला, पान उलटलेलं नाहीत."

"नाही हो, सहज बसलेय."

गावी परतल्यावर आठवड्याच्या आत मी परसातला चमकुरा कापला. डाळ, दाणे, खोबरं, गूळ, सगळं घातलं. चिंचही घातली, अंदाजानं. रंग तसाच आला. नवऱ्याच्या पानात वाढलं. ते दोन घास खाऊन गळा धरून बसले.

"काहून गं, काय खाऊ घातलं हे? घसा खाजून राह्यला माझा!"

माझाही खाजत होता. हात तर मनगटापर्यंत लाल झाले होते. तिसऱ्या दिवशी एसटीडी बूथवर गेले.

"अळू खाजला," मी फोनवर म्हटलं.

"कुणाला?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांना."

"चिंच किती घातलीत?"

"सुपारीएवढी."

"अहो, चांगली लिंबाएवढी लागते. देठं सोललीत?"

मी पिशवीत पेन शोधायला लागले.

"लिहून घ्या," काकू म्हणाल्या. मी पिशवीतून जुनं पाकीट काढून त्याच्या पाठीवर लिहून घेतलं. त्यांनी सावकाश, एकेक गोष्ट दोनदा सांगितली, अगदी पहिलीच्या मुलाला सांगावी तशी. फोन ठेवताना मी आभार मानले. ते मानणं फार जड गेलं.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना मुलगा चार दिवस घरी आला. महाप्रसाद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काही न सांगता त्याच्यासमोर वाटी ठेवली. तोवर तीनदा करून पाहिलं होतं, हात बसला होता. त्यानं घास घेतला, डोळे मिटले, आणि हसला.

"आई! अगदी काकूंसारखं झालंय!"

यापेक्षा मोठं कौतुक त्याच्याजवळ नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आतून मात्र कुणी तरी चिमटा काढावा तसं झालं.

"अजून आहे?" त्यानं विचारलं.

"आहे ना," म्हणत मी वाढलं. तो आपणहून उठेल का, हे मी पाहत होते. तो उठला नाही. मांडी घालून बसून राहिला, वाटी पुढे करून.

त्यानंतर ती भाजी मी केलेली नाही. चव लागल्यामुळे हे अधूनमधून विचारतात. मी दर वर्षी सांगते, यंदा पानांना कीड लागलीय.